धूर नव्हता, गोदाबाई

गोदाबाई, काल मी कचेरीत उभी राहिले आणि तुला खोटं पाडलं.

मॅजिस्ट्रेटसमोर, कारकुनासमोर आणि दाराशी गर्दी करून उभ्या असलेल्या आपल्या निम्म्या वॉर्डासमोर. कारकुनानं आधी तुझा जबाब वाचला. "धूर होता साहेब. कोणाचं तोंड दिसलं नाई." एवढाच. खाली तुझा अंगठा. शाई फाकली होती, कारण दवाखान्यात तुझा हात मी धरला होता आणि रागानं जरा जास्तच दाबला होता. साहेबांनी विचारलं, "या जबाबाबद्दल तुम्हांला काही सांगायचं आहे?" मी म्हटलं, "हो. ती खोटं बोलली."

धूर नव्हता, गोदाबाई. म्हणजे होता, अकरा झोपड्या जळत होत्या तर धूर असणारच. पण त्या दुपारी वारा नदीकडे होता. सगळा लोट झरपटीच्या पात्रावर जात होता आणि तुझ्या भट्टीचं दार लख्ख उन्हात होतं. तुला सगळं दिसलं. जो दिसला त्याला तू नावानं हाकही मारलीस.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. मी चांगलंच बोलणार आहे. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मधेच उठून गेलीस. आधी ते.

आमची आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि नारायण, आपला नारू, चार वर्षांचा. बाबा दिवसभर लाकडाच्या डेपोवर. शाळेतून आले की नारूला कडेवर घेऊन मी वेशीबाहेर तुझ्या मुरमुऱ्याच्या भट्टीवर येऊन बसायचे, कारण तिथे ऊब असायची आणि 'ऊठ' कोणी म्हणायचं नाही. तुला मूलबाळ नव्हतं. नवऱ्यामागं भट्टी तू एकटी चालवायचीस. भल्या मोठ्या लोखंडी कढईत वाळू तापायची. तू तांदूळ टाकायचीस, झारा दोनदा फिरवायचीस, आणि तडतडत पांढरे मुरमुरे वर यायचे. ते चाळणीत घ्यायचे, वाळू परत कढईत. पहिली मूठ नारूच्या तळहातावर. चटका बसला की तो नाचायचा, पण हात मागं घ्यायचा नाही. "पाय वं शांते," तू हसायचीस, "पोट्टं कसं जिद्दीचं हाय."

तो तळहात मी विसरले नाही. तूही विसरली नव्हतीस. भांडण तिथूनच सुरू होतं.

माझं लग्न झालं आणि दीड वर्षात मी पांढऱ्या कपाळानं परत आले. तेव्हा चांद्यात माझ्याशी सरळ बोललेली पहिली बाई तू. "आता काय करणार हायस?" विचारलंस. मी म्हटलं, शिकवीन. "मंग रडून काऊन राह्यली? जाय, अर्ज लिव." मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले ती तुझ्या त्या दटावणीनं. तुला मात्र सही करायला शिकवू शकले नाही. दहा वेळा पाटी घेऊन बसले असेन. "अंगठा कोणी चोरत नाई," म्हणून तू पाटी बाजूला सारायचीस.

नारू मोठा झाला, कचेरीसमोर त्यानं सायकलचं दुकान घातलं, सुमन लग्न होऊन घरात आली. मी त्यांच्याच घरी राहत होते. होते म्हणते, कारण आता राहत नाही.

ती माणसं आली गेल्या दिवाळीनंतर. गडचिरोलीच्याही पुढच्या, वैनगंगेपलीकडच्या जंगलातली अकरा कुटुंबं. माडिया गोंड. त्यांच्याकडे त्या साली धान हाती लागलं नव्हतं आणि एका ठेकेदारानं त्यांना पुलाच्या पायाच्या खोदकामावर आणलं होतं. गावाभोवतीच्या परकोटाच्या भिंतीला लागून, तुझ्या भट्टीच्या मागं, त्यांनी बांबूच्या झोपड्या घातल्या. तू पहिल्याच दिवशी त्यांना तुझ्या विहिरीवर पाणी भरू दिलंस. कोणाला विचारलं नाहीस.

वॉर्डानं त्यांना माणसांत धरलंच नाही. किराणावाला मीठ त्यांच्या हातात देत नसे, जमिनीवर ठेवायचा. त्यांचा रंग, त्यांच्या बायांच्या अंगावरचं गोंदण, त्यांची बोली, सगळ्याची टवाळी. रस्त्यानं जाताना मागून "काळे जंगली" अशा हाका. त्यांच्यातला म्हातारा लालसू मोडकं मराठी बोलायचा. तो मान खाली घालून "जोहार" करायचा आणि पुढं जायचा. उत्तरादाखल कोणी नमस्कार केलेला मी पाहिला नाही.

आणि मी? हे तुला कधी बोलले नाही ते आज लिहिते. मी वर्गात मुलींना सांगितलं होतं, संध्याकाळी परकोटाच्या बाजूनं जाऊ नका. कारण विचारलं तर सांगितलं, तिकडं बाहेरचे लोक आहेत. एका मुलीनं ते तुझ्याकडे मुरमुरे घेताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर आले तर तू वर पाहिलंच नाहीस. झारा चालवता चालवता म्हणालीस, "तू बी का वं?" तेवढंच. मी काहीतरी बोलले, मुली लहान आहेत वगैरे. चुकले म्हणाले नाही. तुझे शेवटचे नऊ दिवस तुझ्या उशाशी बसले, तरी म्हणाले नाही. चुकले, गोदाबाई.

मग ती अफवा उठली. पुलाचा खांब उभा राहीना, पायाच्या खड्ड्यात पाणी भरे. कोणीतरी म्हणालं, पुलाला लेकरू पाहिजे. दुसऱ्यानं पुढं जोडलं, म्हणून तर ठेकेदारानं जंगलातली माणसं आणली, ते पोरं धरतात. आठवड्याभरात बाया लेकरांना पदराखाली घेऊन फिरू लागल्या. विहिरीवर वॉर्डाच्या पंचांपैकी दोघं तुला सांगायला आले, "गोदाबाई, याहिले इथून काढ. परकोटाच्या अंगाले बसवू नको." तू पोहरा खाली ठेवलास आणि बोट भिंतीकडे केलंस.

"हा परकोट कोणं बांधला? तुह्या आज्यानं का माह्या आज्यानं? गोंड राजानं बांधला. ज्याची भिंत त्याले म्हणता बाहेर बस?"

दोघं निघून गेले. पण निघून गेलेला माणूस घरी जाऊन गप्प बसतोच असं नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी आपल्या आळीतलं तीन वर्षांचं एक लेकरू दिसेनासं झालं. ते मागच्या गल्लीत मावशीच्या घरी पाळण्यात झोपलं होतं, तासाभरानं सापडलंही. पण त्या तासाभरात काम झालं. माडियांचे बापये पुलावर होते. झोपड्यांत बाया, लेकरं आणि एक म्हातारी. चाळीसेक माणसं लाठ्या आणि रॉकेल घेऊन गेली.

तू काय केलंस ते मला मासेनं सांगितलं. मासे म्हणजे लालसूची सून. पहिली झोपडी पेटली तशी तू ओरडत धावलीस आणि एकेकीला ओढून भट्टीत घातलंस. चौदा लेकरं, नऊ बाया. म्हातारीचा हात एकानं लाठीनं मोडला होता, तिला तू पाठंगुळीला घेऊन आलीस. तुझं वय साठीच्या पुढं. मग तू दारात उभी राहिलीस, हातात झारा, झाऱ्यात कढईतली लालभडक वाळू. म्हणालीस, "उंबरठ्याच्या आत जो पाय टाकीन त्याचं तोंड भाजीन."

सगळे थबकले. एक जण पुढं आला.

"बाई म्हणली, नारू," मासे मला सांगत होती. तिला मराठी जेमतेम येतं, एकेक शब्द शोधून ठेवत होती. "दोन बार म्हणली. नारू, नारू. मंग त्यानं पाय टाकला. मंग बाईनं फेकलं."

त्यानं हात आडवा घातला म्हणून तोंड वाचलं. तो किंचाळून मागं सरला, आणि त्याच्या मागून आलेला गोटा तुझ्या कपाळावर बसला. तू पडलीस तरी उंबरठ्यावर आडवी पडलीस. त्यांना आत जायचं तर तुझ्या अंगावरून जावं लागलं असतं. तेवढी हिंमत कोणाची झाली नाही. पुलावरचे बापये धूर पाहून धावत आले तोवर जमाव पांगला होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं. गोंधळ ऐकून आमच्या मोठ्या बाईंनी शाळेचं दार लावून घेतलं होतं. मी घरी आले तर नारू ओसरीवर बसलेला, उजव्या हाताला ओलं फडकं. "स्टोव्ह भडकला ताई." मी जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी घोटली. फडकं काढलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उकललेली. आणि त्यात वाळू. मी एकेक कण पदराच्या टोकानं टिपून काढला. तो कण्हायचा, मी फुंकर घालायची. चार वर्षांचा असताना घालायचे तशीच. स्टोव्ह भडकून अंगात वाळू कशी शिरते, हे मला त्या क्षणी सुचलं नाही, की सुचू द्यायचं नव्हतं, देव जाणे.

मागून सुमन हळूच म्हणाली, "ताई, गोदाबाईले दवाखान्यात नेलं म्हणतात."

मी तशीच, हाताला तेल असताना, धावत आले. तू बेशुद्ध होतीस. मासे खाटेजवळ जमिनीवर बसली होती. ती बोलू लागली आणि मी माझ्या पदराकडे पाहिलं. पदरावर अजून वाळू होती.

त्या दिवसापासून मला एकच वाटतं, गोदाबाई. ते कण काढायला नको होते. ते आत राहू द्यायचे होते. हात सडू द्यायचा होता. तू म्हणशील, असं बोलू नये. बोलते. तू भट्टीच्या धगीत चाळीस वर्षं बसलीस, तरी आतून थंड राहिलीस. मला ते जमत नाही.

घरी जाऊन मी नारूचा तोच हात धरला आणि विचारलं, "स्टोव्ह का?" तो खाली पाहू लागला. मग म्हणाला, "तिनंच पयले वाळू फेकली." एवढं त्याचं म्हणणं. ज्या बाईनं त्याला चार वर्षांचा असल्यापासून मुरमुरे चारले, तिच्या दारात लाठी घेऊन गेलेला माणूस म्हणतो, तिनं पयले फेकली.

मी तेव्हाच पोलिसात जाणार होते. तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि चौथ्या दिवशी मॅजिस्ट्रेट साहेब जबाब घ्यायला आले. मला वाटलं, आता तू बोलशील. तू छताकडे बघत म्हणालीस, धूर होता. साहेब गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले. मरणाच्या दारातल्या माणसावर ओरडले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"खोटं काऊन बोललीस?"

"हळू बोल."

"नाई बोलत हळू! नारू होता. मासेनं सांगितलं. तू हाक मारली त्याले."

तू पांघरूण गळ्यापर्यंत ओढलंस. मग म्हणालीस, "काल पंच आले होते, तू घरी गेली तवा. मी म्हटलं, मी कोणाचं नाव नाई घेत. पण त्या लोकायच्या अंगाले हात लागला नाई पाहिजे. जागा तीच राहीन, पाणी माह्या विहिरीचं भरतीन. त्यायनं देवाची शपथ घेतली."

"आणि तुझं डोकं फोडलं त्याचं काय?"

"माह्या डोक्याचं काय करतं? किती दिस राह्यले माहे? त्या लेकरायचे लई दिस हायेत." आणि मग, मला वाटतं तुला खरं बोलायचं होतं ते आत्ता निघालं, "आन् नारूचं नाव घेतलं तर तू कुठी जाशीन? इधवा बाईले भावाचं घर सुटलं की सुटलं."

मी म्हटलं, शिक्षा झाली नाही तर ते पुन्हा करतील. तू म्हणालीस, "माणसाले लाज वाटली की झाली शिक्षा." मी म्हटलं, लाज आपोआप येत नसते, आणावी लागते. तू डोळे मिटलेस. "थकली मी शांते. उद्या भांडू."

उद्या तुला ताप चढला. त्यानंतर तुझ्याशी भांडता आलं नाही.

तुझी तिरडी उचलायला वॉर्डातला एक माणूस आला नाही. सांगितलं की त्या लोकांनी तुझ्या अंगाला हात लावला आहे. लावला होता. रात्रंदिवस मासेनं तुझं अंग पुसलं होतं. मग लालसू, त्याचा मुलगा आणि आणखी दोघं पुढं झाले. त्यांनी विचारलं, तुमच्यात कसं नेतात? मी सांगितलं तसं त्यांनी केलं. बायांनी मसणात जाऊ नये म्हणतात, मी गेले. त्यांच्या बायाही आल्या. मासे वाटेनं तिच्या बोलीत काहीतरी गात रडत होती, त्यात 'याया' एवढं मला कळलं. याया म्हणजे आई. बाजारातून जाताना दुकानांच्या फळ्या पटापट ओढल्या गेल्या. कोणाच्या? ते मी पाहून ठेवलं आहे. एकूणएक.

तुला सांगते, त्या दिवसांत मी चांगली बाई राहिले नाही. एका मुलीला वर्गात छडी मारली. तिचा बाप त्या चाळिसांत होता. तिच्या शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. ती रडली नाही, नुसती वहीकडे बघत राहिली, चूक कुठं आहे ते शोधत. त्या दिवशी दुपारभर माझ्यानं पुस्तक उघडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. तुझी मागायची राहिली ती राहिली, ही तरी मागितली. आणि ठरवलं की माझी छडी ज्यांच्या पाठीवर पडायची त्यांच्याच पाठीवर पडली पाहिजे.

तरी तुझ्या शब्दाखातर मी गप्प होते. पंचांनी शपथ घेतली होती ना.

तू गेल्यावर पाच दिवस टिकली त्यांची शपथ. सहाव्या सकाळी तुझ्या विहिरीवर बोरीच्या काट्यांचा ढीग टाकलेला होता. जळक्या जागेवर माडियांनी पुन्हा बांबू रोवले होते, ते उपटून फेकलेले. मासे घागर घेऊन तशीच परत गेली. त्या दुपारी नारू जेवायला घरी आला. मी वाढत होते. तो डाव्या हातानं उजवी बाही खाली ओढत सुमनला सांगत होता, अगदी खुशीत, "आता बाई मेली. आता पायतो त्यायले कोण वाचवते. आठ दिसांत जागा खाली करतो."

माझ्या हातात भाताचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं. सुमननं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

म्हणून म्हणते, शब्द मी मोडला नाही. त्यांनी मोडला. तू त्यांच्याशी सौदा केलास आणि त्यांनी तुझी राख थंड व्हायच्या आत तुला फसवलं. माणसाला लाज वाटली की झाली शिक्षा, नाही का? मी त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. लाज नव्हती, गोदाबाई. वाळूच्या एका कणाएवढी नव्हती.

तरी एकटीनं जाणं बरोबर नव्हतं. तू ज्यांच्यासाठी तोंड मिटलंस त्यांना न विचारता मी उघडायचं कसं? केस झाली तर पुढं उभं राहावं लागणार त्यांना, वॉर्डाचा राग यायचा तो त्यांच्यावरच. मी लालसूकडे गेले. तो उपटलेले बांबू गोळा करत होता. मी सगळं सांगितलं. साक्ष द्यावी लागेल, तारखा पडतील, लोक पुन्हा अंगावर येतील. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ सगा हाय?" त्यानं विचारलं.

"सगा. मीच वाढवला."

त्यानं हातातला बांबू भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "मंग तू जेवशीन कुठी?"

गोदाबाई, तूही हेच विचारलं होतंस. ज्या माणसाचं घर जाळलं तो मला विचारतो, तू जेवशीन कुठी. आणि ज्याला मी भरवून मोठा केला तो काटे टाकून पाणी बंद करतो. माझा निर्णय तिथे, उभ्याउभ्या झाला.

"आमी येऊ कचेरीत," लालसू म्हणाला. "भेव वाटते. पण येऊ. पळून गेलो तर म्हणतीन, पोरं धरनारे होते म्हणून पळाले."

काल आम्ही गेलो. मी, लालसू, मासे आणि मोडका हात गळ्यात बांधलेली म्हातारी. मी शपथेवर सांगितलं. दार कुठल्या दिशेला, वारा कुठला, तू कोणाला हाक मारलीस, मी कोणाच्या हातातून काय वेचलं. साहेबांनी हवालदाराला समोरच्या दुकानात पाठवलं. नारू आला. साहेब म्हणाले, बाही वर कर. जखम भरली होती, गुलाबी कातडी आली होती, आणि त्या कातडीखाली काळे काळे ठिपके. मी वेचूनही राहिलेले. साहेबांनी चष्मा काढून जवळून पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

नारूनं माझ्याकडे पाहिलं. "ताई," म्हणाला. लहानपणी पडला की म्हणायचा तसंच. "ताई, गोटा मी नाई मारला. मी नुसता समोर होतो."

"मंग कोणं मारला?" मी विचारलं.

तो बाही खाली ओढू लागला.

"नाव सांग नारू. तू नाई मारला तर ज्यानं मारला त्याचं नाव सांग."

सांगितलं नाही. दाराशी उभ्या असलेल्यांकडे त्यानं एकदा पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. त्याला आत घेऊन गेले. दारात त्यानं मान वळवली. मी मान वळवली नाही. माझ्या आत काय झालं ते तुला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मला वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, फार बरं वाटलं, उन्हातून आल्यावर पाणी प्यायल्यासारखं. ते वाईट या बऱ्याला पुसून टाकू शकलं नाही. मी प्रत्येक तारखेला जाणार आहे. पहिल्या बाकावर बसणार आहे. त्याला माझं तोंड दिसेल अशी.

पण एकच माणूस हाती लागला, आणि तोही गोटा मारणारा नव्हे. काल मी याच विचारात शाळेच्या खोलीत पडून राहिले. मोठ्या बाईंनी ती मला राहायला दिली आहे, तेव्हा काळजी करू नकोस. जेवण तिथेच होतं.

आज सकाळी दारावर टकटक झाली. सुमन. डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले. मला वाटलं, शिव्या द्यायला आली. तिला तो हक्क आहे. मी तिचा नवरा आत घातला. मी म्हटलं, "बोल, काय बोलायचं ते."

ती आत येऊन जमिनीवर बसली.

"त्या दिशी बाजाराच्या आधी सगळे आपल्याच ओसरीवर जमले होते," ती म्हणाली. "मी च्या दिला त्यायले. रॉकेलचा डबा कोणं आणला ते मले माहीत हाय. गोटा कोणं मारला तेही. नंतर तो माणूस परत येऊन आपल्या ओसरीवर हसून सांगून राह्यला होता. पंच बी बसले होते तिथी. दवाखान्यात शपथ घेऊन आलेले तेच पंच."

मी उठून दार लावलं. "हे तू इतके दिवस..."

"भेव वाटत होतं. आतायी वाटते." ती पदराशी चाळा करत राहिली. "यानं काल नावं नाई सांगितली. त्यायच्यासाठी हा एकटा तुरुंगात बसीन, आन् ते उद्या त्या लेकरायले हाकलतीन. मले झोप नाई आली. मी त्यायच्या हातात कप दिले ताई. माह्या हातानं दिले."

मी तिच्या शेजारी बसले. बाहेर प्रार्थनेची घंटा झाली, मुलींच्या चपला वाजू लागल्या.

"ताई," तिनं विचारलं, "गोदाबाई राह्यली असती तर तिनं माफ केलं असतं ना?"

"हो," मी म्हटलं. "केलं असतं."

"मंग?"

"आपण गोदाबाई नाई. चाल, कचेरी अकराले उघडते."